शेजाऱ्याला विचारलंय कोणी?

मामा नौदलातून निवृत्त झाले. इंजिनरूममधला माणूस. उमेदीची वर्षं राजपूत वर्गाच्या विनाशिकांवर गेली, आणि त्यातल्या एका जहाजाचा ताबा घ्यायला जी तुकडी सोव्हिएत संघात गेली होती तिच्यात ते होते. त्यांची भाची उच्च न्यायालयात वकिली करते आणि एका विधी महाविद्यालयात आंतरराष्ट्रीय कायदा शिकवते. २४ फेब्रुवारी २०२२ला रशियन फौजा युक्रेनमध्ये घुसल्या, तेव्हापासून या दोघांचं त्या एका विषयावर जमत नाही. बाकी सगळ्यावर जमतं. त्यांच्या वादाला मी पुष्कळदा हजर असतो. त्यातलं जे लक्षात राहिलं ते इथे उतरवतो आहे. मी पंच नाही, आणि तटस्थ असल्याचा आवही आणत नाही. जिथे राहवलं नाही तिथे कंसात बोललो आहे.

मामा : एकसष्टला आपण गोवा घेतला. पाश्चात्त्य देशांनी सुरक्षा परिषदेत आपल्याविरुद्ध ठराव आणला. तो कुणाच्या व्हेटोनं पडला? रशियाच्या. एकाहत्तरला अमेरिकेचं एंटरप्राइझ हे विमानवाहू जहाज बंगालच्या उपसागराकडे निघालं, तेव्हा युनोत आपली बाजू कुणी सांभाळली? रशियानंच. अमेरिका पाकिस्तानला पॅटन रणगाडे आणि सेबर विमानं देत होती, आणि आम्हाला जहाजं कोण देत होतं? आता टीव्हीवरचा एखादा गोरा सांगतो म्हणून मी रशियाला शिव्या घालू?

भाची : गोऱ्याच्या सांगण्यावरून नकोच घालू. पण मामा, तू जहाज आणायला कुठे गेला होतास?

मामा : पोतीला. काळ्या समुद्रावर. ट्रेनिंग तिथेच झालं, ताबाही तिथेच घेतला.

भाची : आणि जहाज बांधलं कुठे होतं?

मामा : निकोलायेवला. एकसष्ट कम्युनार्डांची गोदी म्हणायचे तिला. राजपूत वर्गाची पाचही जहाजं तिथलीच.

भाची : निकोलायेव म्हणजे आजचं मिकोलाइव्ह. ते युक्रेनमध्ये आहे. पोती जॉर्जियात आहे. राजपूत ४ मे १९८०ला पोतीतच आपल्या नौदलात दाखल झालं. म्हणजे तू ज्याला रशियाचं जहाज म्हणतोस ते युक्रेनमधल्या कामगारांनी बांधलं आणि जॉर्जियातल्या बंदरातून तुम्ही ते घरी आणलंत. २००८च्या ऑगस्टमध्ये रशियन सैन्य त्याच पोतीत शिरलं आणि बंदरात उभ्या असलेल्या जॉर्जियाच्या तटरक्षक नौका त्यांनी बुडवल्या. मग २०२२ला मिकोलाइव्हची पाळी. २९ मार्चला सकाळी प्रादेशिक प्रशासनाच्या नऊमजली इमारतीवर क्षेपणास्त्र पडलं. इमारतीच्या मधोमध वरपासून खालपर्यंत खिंडार. ३७ माणसं गेली. उपकार मान ना, जरूर मान, पण ते कुणाकुणाचे होते ते तरी बघ.

मामा : अगं, तेव्हा ते सगळं एकच होतं. आम्हाला कोण युक्रेनी, कोण जॉर्जियन, काही कळायचं नाही. सगळे रशियन बोलायचे, सगळे दोस्तीनं वागायचे. एका देशाचे लोक होते ते. पुतिन दुसरं काय म्हणतो?

(इथे मामांच्या हातून प्रतिपक्षाला आयतं कोलीत मिळालं, आणि भाचीनं ते सोडलं नाही.)

भाची : पुतिन अगदी हेच म्हणतो. २०२१च्या जुलैत त्यानं लांबलचक लेख लिहिला होता, रशियन आणि युक्रेनी लोकांच्या ऐतिहासिक ऐक्यावर. हल्ल्याच्या तीन दिवस आधीच्या भाषणात तर म्हणाला की आजचा युक्रेन ही बोल्शेविकांची, लेनिनची निर्मिती आहे. एकच लोक आहोत, हे दोघांपैकी थोरला ठरवतो. धाकट्याला कुणी विचारलं होतं का? तर हो, एकदा रीतसर विचारलं होतं. १ डिसेंबर १९९१ला युक्रेनमध्ये सार्वमत झालं. ८४ टक्के लोकांनी मतदान केलं आणि त्यातल्या ९० टक्क्यांहून जास्त लोकांनी स्वातंत्र्याला होकार दिला. दोनेत्स्क आणि लुहान्स्क, ज्यांना रशिया आपले म्हणतो, तिथेही ८० टक्क्यांच्या वर. क्रिमियात सगळ्यांत कमी, तरी निम्म्याहून जास्तच.

मामा : क्रिमियाचं नाव काढू नकोस. तो १९५४ला ख्रुश्चेव्हनं एका सहीनिशी इकडचा तिकडे केला. सेवास्तोपोल हे रशियन आरमाराचं घर आहे, अठराव्या शतकापासून. नौदलातला कुठलाही माणूस तुला सांगेल, असं बंदर कोणी हातचं जाऊ देत नाही.

भाची : हातचं गेलंच नव्हतं. भाडेकरार होता. २०१०ला तो २०४२पर्यंत वाढवूनही मिळाला होता. आणि त्याच्याही आधी, १९९४ला, बुडापेस्टमध्ये रशियानं स्वतः सही केलेली आहे की युक्रेनच्या सीमांचा आदर करू, बळाचा वापर करणार नाही. त्या बदल्यात युक्रेननं काय दिलं? जवळपास १,९०० अण्वस्त्रं. जगातला तिसऱ्या क्रमांकाचा साठा होता तो. वीस वर्षांनी क्रिमिया गेला. आता जगातल्या कुठल्या देशाला तू सांगशील की बाबा रे, अण्वस्त्रं सोडून दे, कागदावर विश्वास ठेव?

मामा : ते बरोबर. ते चूकच झालं.

भाची : कुणाची चूक?

मामा : अण्वस्त्रं देणाऱ्याची.

(भाची हसली. मीही हसलो. पण बोलणं विनोदापुरतं नव्हतं. मामांचा सगळा युक्तिवाद या एका उत्तरात बसतो: जग बळावर चालतं, आणि बळ हातचं सोडणाऱ्यानं नंतर तक्रार करू नये. हे मत मी महाराष्ट्रात अनेक सुशिक्षित घरांत ऐकलं आहे. बहुतेक वेळा ते वास्तववाद म्हणून सांगितलं जातं.)

मामा : हे बघ, कायद्याचं राहू दे. नाटोचं बोल. जर्मनी एक होत होता तेव्हा, १९९०च्या फेब्रुवारीत, अमेरिकेचा परराष्ट्रमंत्री बेकर गोर्बाचेव्हला काय म्हणाला होता? नाटो पूर्वेला इंचभरही सरकणार नाही. मग १९९९ला पोलंड, हंगेरी, झेक. २००४ला एकदम सात देश, त्यात बाल्टिकचे तीन म्हणजे थेट रशियाच्या कुंपणाला कुंपण. २००८ला बुखारेस्टला जाहीर केलं की युक्रेन आणि जॉर्जियाही येणार. जॉर्ज केनन, ज्यानं शीतयुद्धाचं अमेरिकी धोरण घडवलं, तो १९९७ला म्हातारपणी लिहून गेला की ही मोठी घोडचूक ठरेल. अमेरिकेचाच मॉस्कोतला राजदूत बर्न्स २००८ला कळवत होता की युक्रेनचा विषय काढू नका, रशियात सगळ्यांच्या मते ही लक्ष्मणरेषा आहे. हे काय मी क्रेमलिनच्या पत्रकातून वाचतोय? उद्या मेक्सिकोत चीननं तळ टाकला तर अमेरिका काय आरती ओवाळेल? क्युबात क्षेपणास्त्रं दिसली तेव्हा जगाला अणुयुद्धाच्या तोंडाशी नेलं होतं त्यांनी.

भाची : यातलं एकही विधान मी नाकारत नाही.

मामा : मग?

भाची : मग पुढचा प्रश्न विचार. बेकरचं वाक्य कुठल्या करारात आलं? नाही आलं. हे देश नाटोत का गेले? अमेरिकेनं हाताला धरून नेलं म्हणून? हंगेरीत १९५६ला रणगाडे आले होते, प्रागमध्ये १९६८ला. बाल्टिक देश तर १९४०ला गिळलेच होते. ते धावत गेले, मामा. दार लावून घेता येईल अशा घरात धावत गेले. आणि युक्रेनचं म्हणशील तर बुखारेस्टला तारीख दिलीच नव्हती, जर्मनी आणि फ्रान्सनं ती देऊ दिली नाही. २०२२पर्यंत युक्रेन नाटोच्या उंबऱ्यावरसुद्धा नव्हता. क्युबाचं म्हणतोस, तर क्युबावर अमेरिकेनं बे ऑफ पिग्ज केलं त्याला आपण काय म्हणतो? आक्रमणच म्हणतो ना? मग इथे शब्द का अडकतो?

मामा : धोका नाटोचा होता. हल्ला त्या धोक्यावर होता.

भाची : फिनलंड बघ. रशियाला लागून १,३४० किलोमीटर सीमा. ४ एप्रिल २०२३ला फिनलंड नाटोत गेला. एका दिवसात नाटोची रशियाशी असलेली सीमा दुपटीहून जास्त झाली. काय केलं पुतिननं? तो तर आधीच म्हणून गेला होता की फिनलंड, स्वीडनचा आम्हाला प्रश्न नाही, युक्रेनसारखा नाही. मग प्रश्न नाटोचा होता की युक्रेनचा? आणि ३० सप्टेंबर २०२२ला त्यानं चार प्रांत रशियाला जोडल्याची घोषणा केली: दोनेत्स्क, लुहान्स्क, झापोरिझ्झिया, खेरसन. त्यातला बराच भाग तेव्हा रशियाच्या ताब्यातही नव्हता. नाटोची भीती वाटणारा माणूस शेजाऱ्याची जमीन आपल्या सातबाऱ्यावर चढवत नाही.

(सातबाऱ्यावर मामा गप्प झाले. त्यांच्या गावी भाऊबंदकीत हेच झालं आहे. पण ते वेगळं.)

मामा : तुझी ती माणसं पण धुतल्या तांदळाची नाहीत. २०१४ला निवडून आलेला अध्यक्ष रस्त्यावरच्या दंगलीनं पळवून लावला. त्याच वर्षी २ मेला ओडेसात कामगार संघटनांच्या इमारतीत रशियाच्या बाजूची माणसं जळून मेली, चाळीसच्या वर. कुणाला शिक्षा झाली? डोनबासमध्ये आठ वर्षांत चौदा हजार माणसं मेली. रशियन भाषेवर निर्बंध आणले. अझोव्ह पलटणीच्या लोकांच्या अंगावर कसली चिन्हं गोंदलेली असतात ते आम्ही पाहिलंय. आणि भारताचं म्हणशील तर याच युक्रेननं पाकिस्तानला तीनशेच्या वर टी-८० रणगाडे विकले. अठ्ठ्याण्णवला आपण अणुचाचणी केली तेव्हा निषेध करणाऱ्यांत हेही होते.

भाची : ओडेसाचं तू म्हणतोस ते खरं आहे, आणि मी त्यात भर घालते. युरोपियन मानवी हक्क न्यायालयानं २०२५च्या मार्चमध्ये निकाल दिला की युक्रेनच्या यंत्रणेनं ते हत्याकांड थांबवायला आणि नंतर तपासायला जे करायचं ते केलं नाही. युक्रेन दोषी. आता बघ, हा निकाल युक्रेनविरुद्ध देऊ शकेल अशा न्यायालयाचं अधिकारक्षेत्र युक्रेन आजही मानतो. रशिया २०२२लाच त्या व्यवस्थेतून बाहेर गेला. चौदा हजारांचा आकडा संयुक्त राष्ट्रांचा आहे, पण त्यात दोन्हीकडचे सैनिक आहेत. नागरिक साधारण ३,४००, आणि त्यातले बहुतेक पहिल्या दोन वर्षांत गेले. २०२१पर्यंत तो आकडा वर्षाला काही डझनांवर आला होता. मग आले वाचवायला. कुणाला वाचवलं? मारिउपोलला. रशियन बोलणारं शहर. तिथल्या नाट्यगृहात शेकडो माणसं आसऱ्याला होती. बाहेर जमिनीवर दोन्ही बाजूंना मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'मुलं'. रशियन भाषेत लिहिलं होतं, म्हणजे वैमानिकाला कळावं. १६ मार्चला त्यावर बाँब पडला.

मामा : ...

भाची : रणगाड्यांचं खरं आहे, खारकिव्हच्या कारखान्यातले. आणि पाकिस्तानच्या जेएफ-१७ विमानात इंजिन कुणाचं आहे? रशियन. हत्यारं विकणाऱ्याला मित्र मानायचं आणि शेजाऱ्याच्या हत्यार-विक्रीवरून त्याचा देश काढून घ्यायचा, असा हिशेब करायचा असेल तर मग दोघांनाही लावू.

(इथे चहा आला. कुणी काही बोललं नाही. मग भाचीनंच विषय काढला, आणि तो मी आजवर मराठी वर्तमानपत्रात कुठे वाचलेला नव्हता.)

भाची : मिकोलाइव्हच्या पाण्याचं तुला माहीत आहे का?

मामा : काय झालं पाण्याला?

भाची : शहराला पिण्याचं पाणी द्निप्रो नदीतून यायचं, मोठ्या नळानं, खेरसनच्या बाजूनं. २०२२च्या एप्रिलमध्ये लढाईत तो नळ फुटला आणि तिकडे रशियन सैन्य. जवळजवळ महिनाभर नळ कोरडे. मग पालिकेनं निदान संडास-मोऱ्यांना तरी पाणी मिळावं म्हणून खाडीचं पाणी नळात सोडलं.

मामा : खाडीचं? खारं?

भाची : खारं. पिवळं. प्यायचं पाणी लोक केंद्रांवर रांगा लावून कॅननं भरून न्यायचे.

मामा : अगं पण खारं पाणी गोड्या पाण्याच्या लाइनीत सोडलं तर पाइप खलास होतील. सगळे सडतील. व्हॉल्व्ह, सांधे, हीटर, सगळं. बॉयलरला तर हात लावायला नको. जहाजावर आम्ही फीडवॉटरमध्ये मिठाचा अंश आला की झोपेतून उठून धावायचो.

भाची : तसंच झालं. शहरभर पाइप फुटायला लागले. आणि खेरसन ११ नोव्हेंबर २०२२ला परत मिळालं तरी पाणी लगेच आलं नाही.

मामा : त्या गोदीतली माणसं हे कसं चालवतात देव जाणे. तिथला फोरमन पाइपाला हात लावून सांगायचा आत काय चाललंय.

(नाटो, केनन, बुखारेस्ट यांच्यावर मामा तासभर बोलू शकतात, आणि तास संपला की सगळे होते तिथेच असतात. फुटक्या पाइपांवर त्यांच्या तोंडून पहिल्यांदा 'तिथली माणसं' असे शब्द आले. आपल्याकडे या युद्धावरच्या चर्चेत वॉशिंग्टन असतं, मॉस्को असतं, बीजिंग डोकावतं, तेलाचा भाव असतो. ज्यांच्या घरावर हे चाललं आहे ते मात्र पटावरचं प्यादं म्हणूनच येतात. माझी तक्रार मामांच्या रशियाप्रेमाबद्दल नाही. ती याबद्दल आहे.)

मामा : बरं. पण मला सांग, अमेरिकेनं शस्त्रं दिली नसती तर हे युद्ध कधीचंच संपलं नसतं का? २०२२च्या मार्चमध्ये इस्तंबूलला बोलणी होत आली होती. मग ब्रिटनचा जॉन्सन किव्हला गेला आणि सगळं फिसकटलं. युक्रेनी माणसाच्या जिवावर अमेरिका रशियाला दमवतेय. प्रॉक्सी वॉर म्हणतात याला.

भाची : जॉन्सन ९ एप्रिलला गेला. त्याच्या आधी आठवडाभर किव्हजवळच्या बुचामधून रशियन सैन्य मागे हटलं होतं, आणि रस्त्यांवर हात बांधलेली प्रेतं सापडली होती. बोलणी बिघडायला जॉन्सनची गरज होती असं तुला वाटतं? आणि इस्तंबूलच्या मसुद्यात रशियाला हवं होतं की पुढे कुणी हल्ला केला तर मदतीला येण्यावर हमीदारांपैकी रशियाचाही नकाराधिकार राहील. हल्ला कोण करणार होतं? पण तुझी प्रॉक्सीची थिअरी मी एका तारखेनं तपासते. २४ फेब्रुवारी २०२५. आमसभेत युक्रेनचा ठराव. ९३ देश बाजूनं, १८ विरोधात, ६५ तटस्थ. विरोधातल्या अठरांत कोण होतं? रशिया होता, आणि रशियाच्या शेजारी अमेरिका. ट्रम्पनं पुढच्याच महिन्यात शस्त्रांची मदत आणि गुप्त माहितीही काही दिवस थांबवली. तुझ्या हिशेबानं बाहुली त्या दिवशी खाली पडायला हवी होती. युक्रेन लढतच राहिला.

मामा : सक्तीची भरती करून. किव्हमध्ये रस्त्यावरून तरुण पोरं गाडीत कोंबून नेतात. व्हिडिओ मी पाहिलेत. निवडणूकही घेत नाहीत.

भाची : खरं आहे. सक्तीची भरती आहे, दमलेत लोक, पळून जाणारेही आहेत, लाच देऊन सुटणारेही. लष्करी कायदा असताना निवडणूक घेता येत नाही, हे तिथल्या कायद्यात आहे. पण तुला वाद आवडतो, म्हणून वादाचीच एक गोष्ट सांगते. २०२२च्या मार्चमध्ये मॉस्कोतल्या क्रास्नोसेल्स्की भागाच्या नगरसभेत एक विषय आला, मुलांच्या चित्रकलास्पर्धेचा. अलेक्सेई गोरिनोव्ह नावाचा नगरसेवक उठून म्हणाला की युक्रेनमध्ये मुलं मरत असताना आपण इथे चित्रकलास्पर्धा कसल्या घेतो? बस. इतकंच. लष्कराबद्दल खोटी माहिती पसरवली म्हणून सात वर्षांची शिक्षा. तोवर त्यांनी कायदा केला होता की याला युद्ध म्हणायचंच नाही, 'विशेष लष्करी कारवाई' म्हणायचं. नाहीतर पंधरा वर्षांपर्यंत. आता किव्हला ये. २०२५च्या जुलैत झेलेन्स्कीनं भ्रष्टाचारविरोधी यंत्रणांचे पंख छाटणाऱ्या कायद्यावर सही केली. त्याच संध्याकाळपासून पोरंपोरी पुठ्ठ्यांवर घोषणा लिहून रस्त्यावर. युद्ध चालू, रात्री ड्रोन पडतायत, आणि हे स्वतःच्या अध्यक्षाला शिव्या घालतायत. दहा दिवसांच्या आत संसदेनं कायदा फिरवला. मामा, या दोन ठिकाणी तू आणि मी हा वाद घालू शकू अशी जागा कुठली?

मामा : मला रशियात वाद घालायचाच नाही. मला भारताचं पाहायचंय.

भाची : तेच मलाही पाहायचंय.

मामा : मग ऐक. २ मार्च २०२२ला आमसभेत १४१ देशांनी रशियाचा निषेध केला. पाच विरोधात, ३५ तटस्थ. आपण तटस्थ राहिलो, आणि मला अभिमान आहे. युरोप इराकच्या वेळी कुठे होता? २००३ला महाविध्वंसक शस्त्रं सापडलीच नाहीत, लाखो माणसं मेली, बुश आज निवांत चित्रं काढत बसलाय. आता यांच्या घराला आग लागली तर जगानं बादल्या घेऊन धावायचं? जयशंकर ब्रातिस्लाव्हात काय चूक बोलले? युरोपचे प्रश्न म्हणजे जगाचे प्रश्न आणि जगाचे प्रश्न युरोपचे नाहीत, हे आता पुरे. स्वस्त तेल मिळालं, घेतलं. आधी आपण रशियाकडून दोन टक्केसुद्धा तेल घेत नव्हतो, मग तिसरा हिस्सा घ्यायला लागलो. गरीब देश आहे आपला. २०२५च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेनं त्यापायी आपल्यावर जादा २५ टक्के कर लावला. चीननंही तेल घेतलं, त्याच्यावर लावला का? बोल.

भाची : इराकवर तुझ्याहून एक पाऊल पुढे जाईन. बुशवर खटला उभा राहिला तर फी न घेता वकीलपत्र घेईन. ढोंग आहेच. पण ढोंग सिद्ध झालं म्हणून आक्रमण रद्द होत नाही. केनियाच्या राजदूताचं, मार्टिन किमानीचं, भाषण ऐक कधीतरी, सुरक्षा परिषदेत २१ फेब्रुवारी २०२२ला केलेलं. तो म्हणाला, आमच्या सीमा आम्ही आखल्या नाहीत, लंडन, पॅरिस, लिस्बनमध्ये आखल्या. पलीकडे आमचीच भाषा बोलणारे, आमच्याच नात्याचे लोक आहेत. त्या सगळ्यांना बळानं एकत्र आणायला निघालो असतो तर आज आफ्रिकेत रक्ताचे पाट वाहत असते. त्याच भाषणात त्यानं बड्या देशांनाही सोडलं नाही. हा गोरा नव्हता, मामा. ज्याच्यावर साम्राज्य लादलं गेलं होतं असा माणूस बोलत होता. आपण त्याच्या रांगेत उभं राहायला काय हरकत होती?

मामा : हरकत सरहद्दीची. उद्या चीन लडाखमध्ये पुढे सरकला तर सुटे भाग केनियाकडून आणू? सुखोई, टी-९०, एस-४००, सगळं तिकडचं.

भाची : पहिलं सुट्या भागांचंच घे. माझगाव डॉकमध्ये बांधलेल्या आपल्या नव्या विनाशिका, कोलकाता, विशाखापट्टणम, यांची गॅस टर्बाइनं कुठली?

मामा : झोर्या. निकोलायेवचीच. (आणि मग थोडं थांबून) आपल्या तुशिल युद्धनौकेतसुद्धा तीच आहेत. रशियाला युक्रेननं २०१४नंतर द्यायची बंद केली, म्हणून आपण किव्हकडून विकत घेऊन कालिनिनग्राडच्या गोदीला नेऊन दिली. डिसेंबर २०२४ला जहाज आपल्या नौदलात दाखल झालं.

भाची : आणि दुसरं, चीनचं. गलवानमध्ये आपले वीस जवान गेले. उद्या त्याहून मोठं काही झालं तर आपण जगापुढे जाऊन काय म्हणणार? की बळानं सीमा बदलू देऊ नका. चीन म्हणेल, अरुणाचल ऐतिहासिकदृष्ट्या आमचाच आहे, नकाशे आहेत आमच्याकडे. तेव्हा ३५ देशांनी तटस्थ राहायचं ठरवलं तर?

मामा : चीन चाल करेल तेव्हा मतांनी थांबणार नाही तो.

भाची : नाही थांबणार. पण मग पंतप्रधान समरकंदला पुतिनला समोर बसवून का म्हणाले, हे युग युद्धाचं नाही? ऑगस्ट २०२४ला किव्हला का गेले, भारताचे पहिले पंतप्रधान म्हणून? कारण बोलण्याला काही किंमत आहे हे त्यांनाही माहीत आहे. मी तेल बंद करा म्हणत नाही. घ्या तेल, अमेरिकेच्या दमदाटीला भीक घालू नका. माझी मागणी अगदी छोटी आहे. हे चाल करून जाणं आहे, आक्रमण आहे, एवढं एक वाक्य स्पष्ट म्हणा.

मामा : (बऱ्याच वेळानं) आक्रमण आहे, ते मी कधी नाकारलं? पण सरकारनं म्हणायचं की नाही हे तू ठरवू नकोस.

भाची : सरकार राहू दे. तू म्हण ना तुझ्या सोसायटीतल्या ग्रुपवर.

मामा : ग्रुपवर काय, ते लोक मला उद्या अमेरिकेचा हेर ठरवतील.

तिथे तो वाद थांबला, मिटला नाही. माझं मत सांगायचं तर सांगतो. पाश्चात्त्यांविरुद्ध मामांनी ठेवलेले आरोप बहुतेक सगळे टिकतात. इराक टिकतो, नाटोबद्दलचे इशारे टिकतात, तेलावरचा दुटप्पीपणा तर उघडच आहे. पण ते सगळे मिळूनसुद्धा रशियाला मिकोलाइव्हवर क्षेपणास्त्र टाकायचा हक्क देत नाहीत, आणि वाद त्या हक्काचाच होता. तटस्थ मतदानाबद्दल मी भाचीइतका कडक नाही. सरकारला हत्यारं, तेल, खतं, सरहद्द असं बरंच काही एका हातानं सांभाळायचं असतं. पण सरकारची अडचण ही नागरिकाची अडचण नव्हे. सरकार गप्प राहिलं म्हणून आपणही समजूत करून घेतली की इथे दोन तुल्यबळ बाजू भांडताहेत आणि खरं-खोटं कुणालाच कळायचं नाही. तसं नाही. कळतं. १९५६ला हंगेरीच्या वेळी नेहरूंचं सरकार असंच अडखळलं होतं, पण तेव्हा जयप्रकाश नारायणांनी त्यांना जाहीरपणे सुनावलं होतं. आज असं सुनावणारे आपल्याकडे मोजकेच, आणि मराठीत त्याहून कमी.

परराष्ट्र मंत्रालयानं २०२५च्या जानेवारीत जी माहिती दिली त्यानुसार रशियन सैन्यात भरती झालेल्या १२६ भारतीयांपैकी १२ मारले गेले होते आणि १६ बेपत्ता होते. नोकरीच्या, व्हिसाच्या आमिषानं नेलेली ही पोरं. तेव्हा हे युद्ध लांबचं आहे असं तरी आता म्हणता येत नाही.

एक विनंती. राजपूत वर्गाच्या जहाजांसाठी पोतीला राहिलेले, गोदीत काम पाहिलेले नौसैनिक मुंबईत, कोकणात, पुण्यात निवृत्त होऊन राहताहेत. खारकिव्हला, विनित्सियाला वैद्यकीय शिकणारी आणि २०२२च्या मार्चमध्ये ऑपरेशन गंगाच्या विमानांनी परतलेली मुलंमुली महाराष्ट्राच्या जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. त्या गावांतली माणसं, बाजार, वसतिगृहाच्या तळघरात काढलेल्या रात्री, हे सगळं त्यांनी जवळून पाहिलेलं आहे, आणि आपले संपादकीय लेख मात्र परक्या वृत्तसंस्थांच्या जोरावर लिहिले जातात. त्यांनी लिहावं. नाटोवर नको, ते पुष्कळ झालं. तिथल्या माणसांवर लिहावं, आणि संपादकांनी ते छापावं.